दोनदा हजर

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी प्रोग्रॅमिंग शिकले, ते हौसेनं नाही, रागानं.

तळेगावजवळच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला आहे. वाटाणा, मका, फरसबी अशा भाज्या गोठवून पिशव्यांत भरायचा कारखाना. कोल्ड रूम उणे अठरावर ठेवायला पाइपांतून अमोनिया फिरत असतो. तो बाहेर आला तर माणसाचं काय होतं, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगतात आणि नंतर कुणी त्याचं नाव काढत नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "आत्ता सायरन वाजला, तर कोल्ड रूमच्या बाजूला नेमकी कोण कोण माणसं आहेत, हे किती वेळात सांगाल?"

मी रजिस्टर उघडलं. ते आबांचं. आबा म्हणजे कोल्ड रूमचे सुपरवायझर, आंदर मावळातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. पेन्सिलीनं लिहायचे, खोडायचे, एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बाण काढायचे. त्या बाणांतून वाट काढत मी सत्तावीस नावं कागदावर उतरवली, तोवर अकरा मिनिटं झाली होती. साहेबांनी घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं. आमचा सेफ्टी ऑफिसर, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, हे एक्सेलमध्ये एका बटणाचं काम आहे."

माझा पारा चढला. बटणाचं काम होतं तर तू का नाही केलंस, हे ओठांवर आलं होतं, पण साहेब समोर उभे. "करते," म्हणाले. म्हणाले आणि फसले, कारण बेरजेच्या पुढचं एक्सेल मला येत नव्हतं.

आबांचे बाणही उगाच नव्हते. आमच्याकडची निम्मी माणसं मावळातली शेतकरी. जुलैत भाताची आवणी सुरू झाली की गावोगाव इरजिक चालते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या खाचरात रोपं लावायची, उद्या माझ्या. मजुरी नाही, लिहापढी नाही. हीच पद्धत ही माणसं कारखान्यात घेऊन आली होती. जो खाचरात उतरलाय त्याच्या जागी दुसरा कुणी शिफ्टला उभा राहायचा, आणि पुढच्या आठवड्यात उलट. कोल्ड रूमला माणूस कमी पडला तर पॅकिंगमधला यायचा. गेटवरचं अंगठ्याचं मशीन या दिवसांत असून नसल्यासारखं. चिखलात राबून बोटं इतकी सुरकुतलेली असायची की मशीन रोजच्या माणसालाही ओळखत नसे. कोण कुणाच्या जागी आलंय हे फक्त आबांना ठाऊक, आणि त्यांच्या बाणांना.

मी वलवणला राहते. लोणावळ्याहून सकाळची पुण्याची लोकल पकडली की तळेगावपर्यंत पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ मिळतो. मांडीवर वही, कानात हिंदी व्हिडिओ, शेजारी चिक्कीच्या खोक्यांवर डोकं टेकून झोपलेली कुणीतरी बाई, असं मी मॅक्रो शिकले. मॅक्रो म्हणजे एक्सेलसाठी आधीच लिहून ठेवलेला हुकूम. बटण दाबलं की एक्सेल तो ओळीनं पाळतं. माझा पहिला हुकूम होता, एक चौकोन पिवळा कर. झाला पिवळा. ऑफिसात मी आनंदानं अशी ओरडले की झाडू हातात घेऊन शिपाई मावशी बघायला आल्या. "येवढंच व्हय?" म्हणाल्या आणि गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात अशाच एका बटणानं मी कोल्ड रूमची जून महिन्याची हजेरी पुसून टाकली. कंट्रोल झेड दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. मॅक्रोनं केलेलं मागे फिरवता येत नाही, हे व्हिडिओवाल्यानं सातव्या भागात सांगितलं होतं आणि मी चौथ्यावर होते. अख्खी हजेरी आबांच्या रजिस्टरवरून पुन्हा भरावी लागली. आबा शेजारी बसून नावं सांगत होते. एका शब्दानं बोलले नाहीत. मला त्यांचं ते न बोलणंही झोंबलं. मी आहेच तशी.

शेवटी जमलं. आबांनी सकाळी सकाळी माझ्या शीटमध्ये आजच्या माणसांचे टोकन नंबर भरायचे. बटण दाबलं की प्रोग्रॅम एकेक नंबर उचलायचा, कारखान्याच्या मुख्य यादीत त्या नंबरासमोरचं नाव शोधायचा, ते एका डब्यात ठेवायचा, डब्यातून कागदावर छापायचा आणि पुढचा नंबर घ्यायचा. डबा हा शब्द व्हिडिओवाल्याचा. मला तो आवडला होता, कारण रोज सकाळी डबे भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमच्या मॅनेजर साहेबांसमोर दाखवायच्या दिवशी मात्र प्रोग्रॅम मध्येच अडला. पडद्यावर खिडकी उघडली, एक ओळ पिवळी झाली आणि सगळं गप्प. सेफ्टी ऑफिसरनं नुसती भुवई वर केली. मी "दोन मिनिटं" म्हणून संगणक स्वतःकडे वळवला. घाईघाईनं शोधलं तर एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, सगळ्यात वर ही एक ओळ टाका, पुन्हा कधी अडणार नाही. ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट. चूक सापडली तर थांबू नकोस, पुढची ओळ घे, असा तिचा अर्थ. टाकली. बटण दाबलं. चाळीस सेकंदांत सत्तावीस नावांचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला. साहेब "व्वा" म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये मला बसायला जागा मिळाली नाही आणि त्याचं काही वाटलं नाही.

आवणी ऐन भरात असताना, एका सोमवारी, माझ्या खिडकीशी एक माणूस येऊन उभा राहिला. पॅकिंगमधले, चाळिशीचे, अंगानं किरकोळ. हातातली टोपी पिळत होते. ठेकेदाराकडून आलेली जी माणसं आहेत त्यांतले.

"ताई, या आठवड्यात मी कोल्ड रूमला हाय. गावातल्या एकाच्या जागी. माझं नाव चढलं का कॉम्प्युटरवर?"

"आबांनी टोकन दिलंय तुमचं. हे बघा." मी शीटमधला त्यांचा नंबर दाखवला.

"नंबर न्हाई, नाव. आत काय झालं तर त्यो कागद वाचत्यात म्हणं."

"चढलं, दादा," मी म्हणाले. कामाची गडबड होती, आणि मला माझ्या प्रोग्रॅमबद्दल कुणी शंका घेतलेली खपत नव्हती.

त्याच दुपारी सहज यादी काढली, तर एकाचं नाव एकाखाली एक असं दोनदा आलेलं. मी आबांना हाक मारली. "आबा, चष्मा बदला आता. एकच टोकन दोनदा भरलंत."

आबांनी रजिस्टर उघडून बोट फिरवलं. "मी एकदाच लिवलंय, पोरी."

"मग कागद खोटं बोलतो का?" मी म्हणाले, जास्तीचं नाव पेननं खोडलं आणि चहाला गेले. आबा थोडा वेळ तिथंच रजिस्टरकडे बघत उभे होते. तेव्हा मला ते हट्टी वाटले.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला सायरन वाजला.

अधूनमधून सराव होतो, तसाच असेल असं वाटलं. पण खिडकीतून तो वास आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कोल्ड रूमबाहेरच्या बोळात एका व्हॉल्व्हमधून अमोनिया सुटला होता. मी बटण दाबलं. प्रिंटरनं कागद दिला. ओढणी तोंडाला लावून मी गेटजवळच्या मोकळ्या जागेत पळाले. तिथं हिरव्या पाटीखाली कोल्ड रूमच्या बाजूची माणसं जमत होती. कुणी खोकत होतं, कुणी डोळ्यांवर बाटलीतलं पाणी मारत होतं. बारीक पाऊस पडत होता.

मी नावं वाचायला लागले. हजर. हजर. हजर. खरं सांगते, त्या क्षणीही माझं एक लक्ष घड्याळाकडे होतं. अकरा मिनिटं म्हणणाऱ्यांना मी दाखवणार होते. चौदावं नाव वाचलं, हजर. पंधरावं वाचलं.

"अवो ताई, आत्ताच झालो की हजर!" तोच माणूस म्हणाला. "किती वेळा होऊ?"

सगळे हसले. भीतीत माणसं फार चटकन हसतात. मीही हसले, त्या नावापुढे दुसरी खूण केली आणि पुढं गेले. सत्तावीस खुणा झाल्या.

"किती?" सेफ्टी ऑफिसरनं विचारलं.

"सत्तावीस."

"यादी किती?"

"सत्तावीस."

त्यानं वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "कोल्ड साइडला आत कुणी नाही. बोळाचं मोठं दार लावून घ्या. बंब येईपर्यंत कुणी आत जायचं नाही."

बंब यायला निदान अर्धा तास. हे सगळ्यांना माहीत होतं. आत कुणी नाही, तेव्हा अर्धा तास काय, दोन तास लागले तरी चालणार होतं. माणसं जरा सैलावली. कुणीतरी तंबाखूची पुडी काढली.

मी हातातल्या कागदाकडे बघत होते. एकाखाली एक तेच नाव, दोन्हींपुढे खूण. पावसाच्या थेंबानं त्यातली एक पसरायला लागली होती. मी एकदाच लिवलंय, पोरी. आबांचा तो आवाज आठवला आणि मी त्या दोन खुणांवर बोट ठेवलं. कारण आबांनी खरंच एकदाच लिहिलं असेल तर ते नाव दोनदा कसं आलं, हे त्या मैदानात फक्त मलाच कळू शकत होतं. प्रोग्रॅमनं पंधरावा नंबर उचलला. मुख्य यादीत तो सापडला नाही. एरवी तिथं तो अडला असता, ओरडला असता. पण मी त्याला सांगून ठेवलं होतं, थांबू नकोस. मग डब्यात काही नवं पडलंच नाही. कालची भाजी तशीच राहिलेला डबा कुणी पुन्हा पुढं करावा, तसं त्यानं चौदावं नाव पुन्हा छापलं. पंधरावा माणूस कागदावर नव्हताच.

"बसा!" मी ओरडले. "सगळे खाली बसा! आहात तिथं बसा!"

माझा आवाज असा काही निघाला असावा की चिखलातसुद्धा सगळे उकिडवे बसले. मी बोट लावून डोकी मोजली. सव्वीस. उलट्या बाजूनं मोजली. सव्वीस.

सेफ्टी ऑफिसर जवळ आला. "मॅडम, तुम्ही आत्ताच सत्तावीस म्हणालात."

"माझा प्रोग्रॅम चुकलाय," मी म्हणाले. हे वाक्य सगळ्यांसमोर बोलताना लाज वाटायलाही वेळ नव्हता. "आत एक माणूस आहे."

"कोण?"

"ते कागदावर नाही."

त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मी आबांकडे वळले. त्यांचं रजिस्टर आत टेबलावर राहिलं होतं. आबांनी डावा हात वर धरला आणि इरजिक मोजायला लागले.

"आज खाचर खालच्या वाडीचं. चार गडी तिकडं गेल्यात. त्यांच्या जागी चार आलं." ते माणसांकडे बघून एकेक बोट मिटत गेले. "ह्यो एक. ह्यो दोन. त्यो खोकतोय त्यो तीन." चौथं बोट तसंच उभं राहिलं. "पॅकिंगचा कुटं हाय?"

ते बोट उभं राहिलं तेव्हाच मला कळलं होतं. ठेकेदाराकडच्या माणसांचे टोकन नंबर वेगळे असतात, आणि ते मुख्य यादीत घालायचे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नंबर न्हाई, नाव, असं ते म्हणाले होते. चढलं, दादा, असं मी म्हणाले होते.

सेफ्टी ऑफिसर वॉकीटॉकीत ओरडला, "दार लावू नका!" पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क चढवून दोघे ट्रेनिंग घेतलेले गडी आत गेले. आबाही निघाले होते, त्यांना धरून ठेवावं लागलं. मग थांबणं उरलं. मी कागद छातीशी धरून उभी होते. कंट्रोल झेड, कंट्रोल झेड, असं माझ्या मनात चाललं होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं. त्यांच्या घरी कोण कोण असेल, हे मला माहीत नव्हतं. सोमवारी मी विचारलंही नव्हतं. त्यांचं नाव काय, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं, फक्त नंबर माहीत होता. किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मी घड्याळ बघितलं नाही.

ते बाहेर आले ते दोघांच्या मधे, पण स्वतःच्या पायांनी. भुवयांवर पांढरा बर्फ, ओठ निळे, डोळे लाल. घोंगडीत गुंडाळून त्यांना गाडीकडे नेत होते तेव्हा त्यांनी मला बघितलं आणि थांबले. दात वाजत होते, तरी बोलले.

"ताई, कानावर टोपडं व्हतं, भोंगा ऐकूच आला न्हाई. दार उघडलं तर भाईर लय वास. मग दार लावून आतच बसलो थंडीत. म्हटलं, यादीत नाव हाय आपलं. येतीलच कुणी हुडकायला. म्हणून घाबरलो न्हाई."

गाडी गेली.

दुपारी मी साहेबांना सगळं सांगितलं, ती ओळ पडद्यावर दाखवली. सेफ्टी ऑफिसर मागे उभा होता. आता हा टोमणा मारणार म्हणून मी मान ताठ करून बसले. त्यानं वाकून ती ओळ वाचली. मग हळूच म्हणाला, "ही ओळ मी पण टाकतो मॅडम. सगळ्या फायलींत." आणि वळून स्वतःच्या खोलीत गेला.

आबा रजिस्टर घेऊन आले. मी उभी राहिले. "आबा, तुम्ही एकदाच लिहिलं होतंत."

"व्हय," आबा म्हणाले. दुसरं काही नाही. खुर्ची ओढून बसले आणि ठेकेदाराच्या माणसांची टोकनं एकेक करून सांगायला लागले. मी ती मुख्य यादीत भरत गेले. या वेळी त्यांचं न बोलणं मला झोंबलं नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

ती ओळ मी काढून टाकली. त्यानंतर प्रोग्रॅम दिवसातून सात-आठ वेळा अडायचा. खिडकी उघडायची, ओळ पिवळी व्हायची. एखादा नंबर चुकीचा, एखादी जागा रिकामी. मी उठून आबांकडे जायचे, विचारायचे, भरायचे. शिपाई मावशी म्हणाल्या, "बिघडलं व्हय गं तुझं यंत्र?" मी नाही म्हणाले.

दोन आठवड्यांनी ते कामावर आले. आल्या आल्या माझ्या खिडकीशी. आवाज अजून बसलेला होता. काय बोलायचं ते मी लोकलमध्ये रोज घोकत होते, त्यातलं एक वाक्य तेवढं निघालं.

"दादा, त्या दिवशी यादीत तुमचं नाव नव्हतं. मी चढलं म्हणाले, पण बघितलं नव्हतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. टोपी हातातच होती, पण पिळत नव्हते.

"म्हंजी, मी आत बसून वाट बघत व्हतो ती..."

"हो."

खिडकीबाहेर आणखी दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते. ते सरकले नाहीत. रागावतील, निघून जातील, साहेबांकडे जातील, सगळ्याला माझी तयारी होती.

"काढ यादी," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. कागद आला. तो मी त्यांच्याकडे सरकवला, तर त्यांनी परत माझ्याकडे केला.

"वाच."

मी वाचायला लागले. एकोणिसावं नाव त्यांचं होतं. ते वाचून मी थांबले, वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"म्होरं वाच."

मी शेवटपर्यंत वाचलं. सत्तावीस नावं. त्यांनी खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले.

"दुसऱ्या कुणाचं दोनदा न्हाई ना?"

"नाही, दादा."

"पुन्यांदा बघ."

मी पहिल्या नावापासून पुन्हा वाचायला लागले.